आमची वाटचाल : सोफ्याच्या जागी नऊ टाक्या

मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये सोफा होता, तिथे आता मासे वाढवून विकायच्या नऊ टाक्या आहेत. सुरुवात एकाच टाकीने झाली, तीही हौसेची. क्रॉफर्ड मार्केटमधून दोन क्लाऊनफिश आणले, म्हणजे खाऱ्या पाण्यातले केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. दुकानदाराने मुद्दाम एक मोठा आणि एक लहान दिला. हे मासे जन्मतः सगळे नर, जोडीत वरचढ ठरेल त्याची मादी होते. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे घरात जिचं चालतं ती बाई. आपल्याकडे वेगळं काय आहे?"

मोठीने पहिले काही दिवस लहानग्याला कोपऱ्यातून हलू दिलं नाही. मग एका संध्याकाळी तो तिच्यासमोर तिरका होऊन थरथरायला लागला. हा तिला शरण गेला, आता जमलं. तरीही टाकीतल्या मातीच्या कुंडीवर केशरी अंडी दिसायला आठ महिने गेले. नर दिवसभर त्यांना पंखांनी वारा घालायचा. आठवड्याभरात प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकायला लागले. त्या रात्री आम्ही जेवलोच नाही.

पिल्लं निघाली आणि तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी. असं तीन वेळा झालं. पाण्याला दोष दिला, मिठाला दिला, एकमेकांनाही दिला. खरं कारण भुकेचं होतं. त्यांचं तोंड इतकं बारीक की आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारख्या जिवाची इवलीशी पिल्लंसुद्धा मावत नाहीत. पहिला आठवडाभर जिवंत रोटिफर, म्हणजे त्याहून बारीक पाण्यातले जीव लागतात, आणि रोटिफरना खायला सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी. मासे करायला निघालो आणि शेवाळाचे शेतकरी झालो. आजही आमचा निम्मा दिवस त्या हिरव्या बाटल्या हलवण्यात जातो. कुणी धंदा शिकायला आलं की मी आधी बाटल्याच दाखवते. बरेच जण तिथूनच परत जातात.

चौथ्या खेपेला बाराव्या दिवशी डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटला. 22 पिल्लं जगली.

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तेव्हा दोन टाक्या पिल्लांनी भरल्या होत्या. हवेचे पंप बंद. यांनी आणि मी पाळीपाळीने हातातला मग टाकीत बुडवायचा, वरून पाणी सोडायचं, पुन्हा बुडवायचा. वीज आली तेव्हा हात वर होत नव्हते. दुसऱ्याच दिवशी बॅटरीवरचे पंप आणले. उन्हाळ्यात टाक्यांवर पंखे लावतो, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालतो. मीठ काही उडून जात नाही.

विक्रीचं फारसं सांगण्यासारखं नाही. एका दुकानदाराने 40 पिल्लं उधारीवर नेली, पैसे अजून यायचेत. तेव्हापासून रोख. आणि चार महिन्यांच्या आतलं पिल्लू आम्ही देत नाही, गिऱ्हाईक कितीही रागावो.

पहिली जोडी अजून त्याच टाकीत आहे, ती विकायची नाही. दर पंधरा दिवसांनी अंडी देते. आज कुंडीवरचे डोळे चमकतायत. संध्याकाळीच कुंडी पिल्लांच्या टाकीत हलवली, शेजारी हवेचा दगड लावला, पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा. नराचा वारा आता त्याने घालायचा. पिल्लं मिट्ट काळोखातच निघतात. सासूबाईंची मालिका साडेआठला संपते, म्हणून दिवे नऊला बंद.