आधी दाखले, मग कॉलेज, शेवटी कर्ज

जून उजाडला की फोन सुरू होतात. "मॅडम, पोरीला इंजिनिअरिंगला घालायचंय, लोन किती मिळंल?" मी बँकेतून निवृत्त झाले आणि नोकरीची बरीच वर्षं कर्ज विभागात गेली, त्यामुळे मला विचारायचा प्रश्न हाच, असं लोकांना वाटतं. माझं उत्तर ठरलेलं असतं. कर्जाचं नंतर बघू, आधी कागदांची पिशवी घेऊन या.

कारण कर्जाच्या टेबलावर बसून मी हेच बघत आले. जी फी सरकारकडून मिळाली असती, त्याच फीसाठी माणसं कर्जाच्या अर्जावर सह्या करत होती. कुठे उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नव्हता, कुठे जात पडताळणी अडकली होती, तर कुठे कोणी तरी "लवकर पैसे भरा, सीट जाईल" म्हणून घाई केली होती. पोरगं हुशार, आईबाप कष्टाळू, आणि पाच वर्षांचे हप्ते मात्र एका कागदापायी. याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं आणि आताही वाटतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाचे पैसे मार्च-एप्रिलपर्यंत हातात येतात. लगेच खरड छाटणी, मजुरी, औषधाच्या दुकानाची उधारी. प्रवेशाच्या फेऱ्या येतात पावसाळ्यात, तेव्हा घरात रोकड नसते आणि टोमॅटो नुकता कुठे सुरू होत असतो. अशा वेळी कॉलेजच्या खिडकीवर एक आकडा समोर आला की माणूस हबकतो आणि मिळेल तिथून पैसे उचलतो. म्हणून हा सगळा हिशेब बारावीच्या निकालानंतर नाही, अकरावीतच मांडायला हवा.

पिशवीत काय हवं? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, ओबीसी किंवा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) असाल तर नॉन क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचा दाखला, खुल्या गटातले असाल आणि निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला. हे सेतूत अर्ज करून मिळतात, जूनमध्ये रांगा लागतात इतकंच. खरा वेळ खाते ती जात पडताळणी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तर थेट १९५० च्या आधीचा. म्हणजे प्रवेश नातीचा आणि कागद आजोबांचा.

दिंडोरी तालुक्यातले एक शेतकरी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते, मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला. वडील कधी शाळेतच गेले नाहीत, त्यामुळे पुरावाच नाही, असं ते धरून बसले होते. मी विचारलं, वडिलांचे भाऊ? चुलते? खूप आठवल्यावर म्हणाले, थोरले चुलते दुसरीपर्यंत शिकले होते. वडिलांकडच्या रक्तनात्यातला पुरावा चालतो. ते गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले, मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी मला दाखवला. पान पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या, नाव आणि वडिलांचं नाव बोरूने लिहिलेलं, आडनावाचा पत्ताच नाही. पण जातीचा रकाना भरलेला आणि शेजारी जन्मतारीख स्पष्ट. त्यावरून उतारा घेतला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं आणि कॉलेजमार्फत अर्ज गेला. मुलगी बारावीला असतानाच प्रमाणपत्र हातात आलं. शाळेत कोणीच गेलं नसेल तर गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात, तीही तहसील कार्यालयात शोधता येते. प्रवेशाच्या वेळी पडताळणीच्या अर्जाची पावती चालते, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. ही टांगती तलवार कशाला ठेवायची?

त्याच मुलीच्या घरी सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागायच्या आधीच एक जण येऊन गेला होता. "संस्थेच्या कोट्यातून जागा पक्की करतो, आत्ता एक लाख भरा." वडील भरायला निघाले होते. मी त्यांना बसवून एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असेल तरच. व्यवस्थापन कोटा किंवा संस्था स्तरावरची जागा घेतली की ही सवलत गेली. तो एक लाख भरला असता तर चार वर्षांची माफी गेली असती.

खुल्या आणि एसईबीसी गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, तिथेही उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आणि तीच कॅपची अट. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्या जास्त देतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खोली-जेवणासाठी स्वाधार आणि स्वयम् योजना आहेत. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांना मी आवर्जून सांगते की आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशिकातच आहे, तिथे जाऊन विचारायला संकोच करू नका.

आता पसंतीक्रमाचं. याला ऑप्शन फॉर्म म्हणतात आणि पोरं तो कॅफेत बसून घाईत भरतात. भीतीपोटी "हे तरी नक्की मिळेल" असं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. यंत्रणा यादी वरून खाली वाचते, आणि पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. म्हणून मनात जे पहिलं आहे तेच पहिलं लिहा, सोपं आहे ते खाली. आणि टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शुल्कमाफीच्या जागांचे, कोड विसरू नका. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुठल्याही प्रवर्गाच्या मुलाला गुणवत्तेवर मिळतात. त्याच कॉलेजच्या त्याच शाखेचा हा कोड वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो. कटऑफ चढा असतो हे खरं, पण भरायला पैसे पडत नाहीत. खुल्या गटातल्या मुलांसाठी तर मी हा कोड नेहमीच्या कोडच्या वरच लिहायला लावते.

माफी शिक्षण शुल्काची असते, विकास शुल्काची नाही. शिवाय खोली, मेस, लॅपटॉप. दिंडोरीच्या त्या मुलीने पुण्याचं आणि नाशिकचं कॉलेज समोरासमोर मांडलं, वहीत चार वर्षांचा खर्च लिहिला. तिला पंचवटीतलं कॉलेज मिळालं आणि ती एसटीच्या विद्यार्थी पासवर रोज ये-जा करते. पुण्याला जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. जायचं तर आकडा बघून जावं.

प्रवेश झाल्यावर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज करताना बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे आधी बघा. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते खातं कधी तरी गावात उघडलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार न झालेलं निघतं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, तेही त्याच वेळी तपासा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, हे दुसऱ्या वर्षाची मुलं हमखास विसरतात.

एवढं करून जे उरेल त्याच्यासाठी कर्ज. शैक्षणिक कर्ज वाईट नाही, मी स्वतः कितीतरी मंजूर केली आहेत आणि ती मुलं आज उभी आहेत. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पत हमी निधीचं संरक्षण असतं, त्यामुळे तारण किंवा तिसऱ्या माणसाची हमी लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते आधीच मॅनेजरला सांगा, अर्ज गेल्यावर कळलं की फाइल पडून राहते.

व्याजाचं मात्र कोणी समजावून सांगत नाही. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. समजा दरवर्षी एक लाख असे चार वर्षांत चार लाख उचलले आणि दर दहा टक्के आहे. सरळ व्याजाने पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, मग चाळीस, तीस, वीस. पहिला हप्ता यायच्या आधीच एक लाख चाळीस हजार चढलेले असतात. जमेल तेवढं व्याज शिकत असतानाच भरत गेलात तर हा डोंगर होत नाही. पहिल्या वर्षी तर महिन्याला आठशे-साडेआठशे रुपयेच होतात.

यंदा अकरावीत असलेल्यांनी दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजोबांच्या शाळेचं नाव आणि त्यांच्या भावांची नावं लिहून आणा. शाळेला सुट्टी असेल, पण मुख्याध्यापकांना आधी फोन केला तर रजिस्टर कपाटातून काढून ठेवतात.