नाव राहत, पण राहायचं कसं?

काल लाईट गेलेली म्हणून मोबाईलवर वाचत बसलो, इस्राएलच्या नेगेव वाळवंटात राहत नावाचं शहर आहे, बेदू लोकांचं, म्हणजे तंबू घेऊन जनावरं चारत फिरणाऱ्या अरबांचं. नाव बघा, राहत! 1972 ला सरकारनं वसवलं, 1994 ला शहराचा दर्जा. वस्त्या भावकीप्रमाणं, म्हणजे आपल्यासारखंच की. त्याआधी 1950 च्या कायद्यानं स्वतःच्या जमिनीबाहेर काळ्या शेळ्या चारायलाच बंदी आणलेली, ती उठली थेट 2018 ला, तोवर तंबूवाला करणार काय?

आमच्या आटपाडीकडच्या मामाला घरकुल मिळालं, दोन खोल्या, वर पक्का स्लॅब, पण मामा अजून बाहेर मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीशेजारी घोंगडं टाकून झोपतो, म्हणतो मेंढरं काय स्लॅबवर बांधू का रं?