तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रिग्गाचा सिनेमा कुठल्या डिस्कवर बघायचा?

‘थ्रिलर – एन ग्रिम फिल्म’ची कुठली आवृत्ती बघू, हे मला सतत विचारलं जातं. विचारणारे बहुतेक जण ‘किल बिल’मधल्या डोळ्यावर पट्टी असलेल्या एल ड्रायव्हरचा माग काढत या स्वीडिश सूडपटापर्यंत आलेले असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. सिनॅप्स या अमेरिकन डीव्हीडी कंपनीने २००४ मध्ये काढलेली डीव्हीडी नको, २००५ ची घ्या. पहिल्या डीव्हीडीत संभोगाचे उघडेवाघडे क्लोजअप आहेत, दुसरीत नाहीत. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे सेन्सॉर केलेली बघायची?’ इथे माझा संयम सुटतो.

सिनेमाला कात्री लावण्याच्या विरोधात मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे. या सिनेमाला स्वीडनच्या सेन्सॉरने अडवलं होतं, अमेरिकेत तो कापून ‘दे कॉल हर वन आय’ या नावाने लावला गेला, आणि या दोन्हींचा मला राग आहे. पण हे क्लोजअप नायिका फ्रिग्गाचं काम करणाऱ्या क्रिस्टिना लिंडबर्गचे नाहीतच. ते वेगळ्या माणसांवर चित्रित करून मध्ये जोडले आहेत. दिग्दर्शक बू आर्ने विबेनियस एकेकाळी नामवंत स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा सहायक होता. त्याचा स्वतःचा मुलांसाठीचा सिनेमा पडला, पैसे बुडाले, आणि ते भरून काढायला त्याने हा काढला. ‘अनकट म्हणजे सगळंच हवं, आवडो न आवडो’ असं मी पूर्वी तरीही ठणकावून सांगायचे.

त्याच हट्टाने एका रात्री घरी मी २००४ ची डीव्हीडी लावली. चार मित्रमैत्रिणी होत्या, आणि शेजारच्या काकू. काकू निवृत्त नर्स, नको म्हणणाऱ्यातल्या नव्हेत. लहानपणीच्या अत्याचारानंतर मुकी झालेली फ्रिग्गा, तिला हेरॉइनची सवय लावून धंद्याला बसवणारा टोनी, हे सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. पहिल्याच गिऱ्हाइकाला तिने ओरबाडलं म्हणून टोनी तिच्या डोळ्यात सुरी घालतो, तेव्हा बाकीच्यांनी माना फिरवल्या. काकूंनी नाही. तो तिच्या नावाने आईवडिलांना द्वेषाची पत्रं पाठवतो, तिथे मात्र त्या ‘अरे मेल्या’ म्हणाल्या.

मग त्या क्लोजअपचा पहिला तुकडा आला. काकूंनी विचारलं, ‘ही तीच मुलगी का गं?’

मी उत्साहाने म्हटलं, ‘नाही काकू, डुप्लिकेट आहे. हिने यातलं काही केलेलं नाही.’ खोलीत सगळ्यांना हायसं वाटलेलं मला जाणवलं. मलाही वाटलं.

‘मग जिने केलं तिचं तोंड का दाखवत नाहीत?’

मी बोलायला लागले. स्वीडनमध्ये १९७१ पासून असली चित्रणं कायदेशीर होती, पैसे घेऊन राजीखुशीने केलं असेल, वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं. पुढचा तुकडा आला तेव्हा त्या पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या, मी बघतेय का ते पाहायला. मी रिमोट घेऊन तो भाग पुढे पळवला. कुणी काही बोललं नाही.

फ्रिग्गा मुकी आहे, त्यामुळे सगळा सिनेमा लिंडबर्गच्या चेहऱ्यावर उभा आहे. धंद्याच्या कमाईतून ती गाडी, कराटे, बंदूक शिकते तेव्हाही आणि सूड घेताना इतक्या संथ गतीत माणसं कोसळतात तेव्हाही आपण तो एक डोळा वाचत असतो. त्या तुकड्यांत नेमका चेहराच नाही. कुणाचाच नाही.

यावर माझंच जुनं म्हणणं असं की म्हणून तर ते हवेत. त्यात सुख नाही, रस नाही, ते बघताना आपण गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन बसतो आणि शरम वाटते, आणि ती वाटायलाच हवी. हा मुद्दा मला अजूनही खोडता येत नाही. पण ती शरम विकत आणायला आणखी एका बाईला बिनचेहऱ्याची करावं लागतं, हेही मला गिळवत नाही. काकू म्हणतील, तुला तो डोळा फोडण्याचा प्रसंग बरा चालतो? चालतो. का चालतो याचं धड उत्तर माझ्यापाशी नाही.

२०२२ मध्ये व्हिनेगर सिंड्रोम या डिस्क काढणाऱ्या कंपनीने हा सिनेमा ४के मध्ये आणला. परवडत असेल तर जरूर घ्या. मीही घेतला. पण पहिल्यांदा बघणार असाल तर २००५ ची डीव्हीडी शोधा. लांबी जवळपास तितकीच, फक्त ते तुकडे नाहीत. तिला अर्धवट म्हणणाऱ्यांशी मी यापुढेही भांडेन.