तुम्ही विचारलंत म्हणून: पॉलिशला एवढा उशीर का?

"काका, गुळगुळीत झालंय की! आता पॉलिश लावा की!" बेळगावात, शहापुरातल्या माझ्या गाळ्यावर गिटार करायला टाकणारा प्रत्येक पोरगा तिसऱ्या दिवशी हेच म्हणतो. तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

पॉलिश काही झाकत नाही, उलट उघडं पाडतं. माझ्या पहिल्या बॉडीवर जोडालगत पांढऱ्या गोंदाचा अंगठ्याएवढा डाग राहिला होता. कोऱ्या लाकडावर तो दिसलाच नाही. रंगाचा पहिला हात फिरवला आणि तेवढीच जागा फिकट राहिली, कारण गोंद प्यालेलं लाकूड रंग पीत नाही. सगळं पुन्हा घासावं लागलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी दिवे मालवून, टॉर्च आडवी धरून बॉडी बघतो. आडव्या उजेडात बारीकसा ओरखडाही सावली टाकतो.

काचपेपर 80 नंबरपासून; मग 120, 180 आणि 220. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. मधला नंबर गाळला की 80 चे ओरखडे 220 ने जात नाहीत. कागद नुसत्या बोटांनी दाबायचा नाही, लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा. बोटं लाकडातल्या मऊ रेषा खणतात. शिरा जिथे आडव्या कापल्या जातात, त्या कडांना एक नंबर जास्त, कारण तिथे लाकूड रंग अधाशासारखं ओढतं. पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवायची. दबलेलं लाकूड फुगून वर येतं. तंतू तुटले असतील तर मात्र नाही.

मग ओला हात. ओलसर फडकं फिरवून वाळू द्यायचं. लाकडाला बारीक लव उठते, ती 220 ने हलकेच काढायची. ही लव आता काढली नाही, तर पॉलिशखाली उठते.

सध्या टांगलेली बॉडी खानापूरच्या एका पोराच्या आजोबांच्या घरातल्या तुळईची. जुनं सागवान! त्याची भोकं लांबीनं, म्हणजे भोकं बुजवायच्या लगद्यानं भरली, घासली. सागवानाला अंगचं तेल असतं, त्यामुळे सीलरच्या, म्हणजे पॉलिशखालच्या पहिल्या थराच्या आधी थिनरचं फडकं मारायचं आणि लगेच सीलरचा हात द्यायचा. पण बाहेर आपला पाऊस. हवेत ओल असताना लॅकर, म्हणजे हे चकाकीचं पॉलिश मारलं की ते पांढुरकं पडतं. पोराला सांगितलंय, उघडीप मिळाली की त्याच दिवशी पहिला हात.