कधी सुटली, कळलंच नाही

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवरून येऊन दोन तास झाले. चिऊ शेजारी झोपलीय, मला झोप नाही.

पाळण्यांपाशी गर्दी होती. तिनं माझी डावी करंगळी धरलेली, नेहमीसारखी. मी आत्याबाईंशी बोलत चालत राहिले. मग त्याच म्हणाल्या, "अगं, पोरगी कुठाय?" चार पावलांवर फुग्यांपाशी उभी होती, हसत. पण बोट कधी सोडलं, ते मला कळलंच नाही.

गणपतीत काचेचा ग्लास घासताना फुटला आणि डाव्या मनगटातला करंगळीकडचा मज्जातंतू तुटला. तिसऱ्या दिवशी जोडला. बाबा म्हणाले, मागावर सूत तुटलं की गाठ मारायची, माग चालू. मलाही तसंच वाटलेलं. पण टाके पडतात ते वरच्या वेष्टणाला. तुटल्याच्या पुढचे आतले तंतू मरतातच, कितीही छान शिवलं तरी. वॉलर नावाच्या डॉक्टरांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून ते १८५० सालीच दाखवलं होतं. मेलेलं साफ झालं की वरच्या टोकातून नवे फुटवे येतात आणि रिकाम्या नळ्यांतून सरकतात, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. शेजारच्या पोराचा प्लास्टरखाली दबलेला हात महिन्यात सुटला, ते आत्याबाई अजून सांगतात. दबणं वेगळं, तुटणं वेगळं.

चिऊनं दुसरं कुठलंही बोट धरायचं होतं. अनामिका तरी. ती करंगळीकडच्या बाजूनंच बधिर आहे, निम्मं तरी कळलं असतं. चार पावलं होती म्हणून. चाळीस असती तर? ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मघाशी तळहातावर टिचक्या मारून बघितल्या. जिथवर फुटवे आलेत तिथं टिचकी बसली की करंगळीत मुंग्या येतात. दिवाळीत ती जागा मनगटाच्या वळीच्या जरा पुढं होती. आज बोटाच्या मुळाशी आलीय. बॉलपेनानं ठिपका काढला. अजून पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे दोनेक महिने. उन्हाळा लागेल. सगळे तंतू आपापल्या नळीत शिरतीलच असं नाही, काही चुकीच्या जागी पोचतात. तरी चालत आलाय इथवर. एक दिवस खाडा नसेल केला बिचाऱ्यानं.

उद्या होम मैदानावर शोभेचं दारूकाम आहे. चिऊला उजव्या बाजूला घेईन आणि मनगटाला मीच धरेन.

आत्ता कूस बदलून तिनं परत तीच करंगळी धरलीय. दिवा चालू आहे म्हणून दिसतंय.