चंद्रकलांचा चीज बोर्ड: इथवर आलंय

चंद्रकलांचा बोर्ड आता पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा झालाय. काळी स्लेट, तिच्यावर कमानीसारख्या मांडलेल्या आठ चंद्रकला, कमानीखाली ग्रहणातला तांबूस चंद्र, एक संधिप्रकाश, एक तेजोमेघ आणि तिरकी गेलेली आकाशगंगा. हे सगळं चीजचं आहे. मागच्या नोंदीनंतर बरंच बदललं, म्हणून कसं करते ते सविस्तर लिहिते.

आधी या बोर्डसाठी घालून घेतलेल्या दोन अटी. एक, सजावट चीजवर चढवायची नाही, ती चीजच्या रंगातून, सालीतून आणि कापण्यातून निघाली पाहिजे. दुसरी अट जास्त छळते: निम्मा बोर्ड फस्त झाल्यावरही विषय कळला पाहिजे. थीम बोर्डचा फोटो सगळ्यांचाच छान येतो. पाहुण्यांनी हात घातला की पंधरा मिनिटांत त्याचं काय होतं, ते कुणी दाखवत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट ठेवताना मी स्वतःला एकच विचारते, हे अर्धं खाल्लं की कसं दिसेल?

कला कशा कापायच्या, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. गोल साच्याने चकती काढायची आणि तोच साचा थोडा सरकवून पुन्हा दाबायचा, ही सगळ्यांची पद्धत. त्याने कोर निघते, पण उरलेला तुकडा बदामाच्या आकाराचा होतो आणि तो चंद्राच्या कुठल्याच कलेत बसत नाही. शिवाय ती कोरही खरी वाटत नाही. खऱ्या चंद्रकोरीची दोन्ही टोकं नेहमी बिंबाच्या व्यासाच्या दोन टोकांवर, एकमेकांच्या बरोबर समोर असतात. मग दुसरा साचा मोठा घेतला आणि त्याची कड चकतीच्या वरच्या आणि खालच्या टोकातून जाईल असा धरला. चकती ६ सेंटिमीटरची आणि मोठा साचा ८ सेंटिमीटरचा असेल, तर कोर मध्यभागी साधारण १.६ सेंटिमीटर रुंद येते. उरलेला भाग ४.४ सेंटिमीटरचा, अर्ध्याहून मोठा चंद्र. म्हणजे एका चकतीतून पंचमीच्या आसपासची कोर आणि दशमीच्या आसपासचा चंद्र, दोन्ही निघतात आणि काहीच वाया जात नाही. साडेसहा सेंटिमीटरच्या साच्याने कोर जेमतेम १ सेंटिमीटरची निघते. दिसते फार देखणी, पण उचलताना हमखास मोडते.

अशा दोन चकत्यांमधून दोन कोरी आणि दोन मोठे चंद्र. तिसरी चकती सरळ मधोमध कापली की दोन अष्टम्या. तीन चकत्यांत सहा कला झाल्या. पौर्णिमा आणि अमावास्येसाठी वेगळी चीज घेते, त्याबद्दल पुढे.

मांडताना दिशा सांभाळा. उत्तर गोलार्धातून पाहताना शुक्ल पक्षात चंद्राची उजवी बाजू उजळलेली असते, कृष्ण पक्षात डावी. कापलेला तुकडा अर्धा फेरा फिरवला की पक्ष बदलतो, त्यामुळे डावे-उजवे असे वेगळे कापावे लागत नाहीत. पाहुण्यांत आकाश बघणारा एखादा असतोच आणि तो आधी हेच तपासतो!

चकत्यांसाठी बऱ्याच चीज करून पाहिल्या. मँचेगोची कड भुगा होऊन सुटते. कोवळा गौडा सुबक कापला जातो, पण पृष्ठभाग फार गुळगुळीत. शेवटी एमेंटालवर मन बसलं, कारण त्याच्या भोकांमुळे विवरं आयती मिळतात. (गंमत म्हणजे चंद्रावरची विवरं बाहेरून काहीतरी आदळून झालेली, आणि एमेंटालची भोकं आतल्या जिवाणूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने फुगून झालेली. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या अ‍ॅग्रोस्कोप या संशोधन संस्थेने सांगितलं, की दुधात पडलेल्या गवताच्या बारीक कणांभोवती ही भोकं धरतात. हल्लीचं दूध फार स्वच्छ झाल्याने भोकं कमी होत चालली आहेत म्हणे.) बारीक भोकांचा ठोकळा निवडा, १ सेंटिमीटर जाडीचे काप काढा आणि मोठा साचा दाबण्याआधी चकती अशी फिरवून घ्या की भोक मोठ्या तुकड्याकडे जाईल. कोरीत भोक आलं की ती तिथेच तुटते.

चीज फ्रिजमधून काढल्या काढल्या कापायची. गारठलेल्या चीजला धार येते. कापलेले तुकडे बेकिंग पेपरच्या थरांत घालून बंद डब्यात ठेवले तर सकाळी कापून संध्याकाळपर्यंत छान राहतात. उघड्यावर मात्र तासाभरात कडा सुकून पिवळट पडतात.

पौर्णिमा म्हणजे अख्खा कॅमेम्बर्ट, २५० ग्रॅमचा, ११ सेंटिमीटर व्यासाचा. पांढरी मखमली बुरशी चढलेली असल्याने त्याला काही करावंच लागत नाही. फक्त अख्खी चकती ठेवली की पहिली सुरी लावायला कुणी धजत नाही, सगळे तिच्या आजूबाजूचं खात राहतात. म्हणून मी ती गार असतानाच आठ फोडींत कापते आणि जागच्या जागी पुन्हा जुळवून ठेवते. वरून रेषा दिसत नाहीत, पण सुरीचं टोक लावलं की फोड सुटून येते. एकेक फोड उचलली जाते तसा चंद्र कमी होत जातो. यासाठी चीज फार पिकलेली नको. कॅमेम्बर्ट बाहेरून आत पिकत जातो, त्यामुळे मधोमध खडूसारखा पांढरा गाभा थोडा शिल्लक असलेला घ्यावा. पूर्ण पिकलेला खोलीच्या तापमानाला आला की कापलेल्या रेषांतून ओघळतो.

अमावास्येवर मी जाम खूश आहे. फ्रान्समधल्या लोआर नदीच्या खोऱ्यात बकरीच्या दुधाची सेल-सुर-शेर नावाची चीज होते. साधारण १५० ग्रॅमची छोटी गोल चकती, वरून कोळशाच्या राखेचा थर. राख पृष्ठभागाचा आंबटपणा कमी करते, म्हणून तिच्यावर बुरशी नीट धरते. काळ्या स्लेटवर ती राखाडी-काळी चकती जवळजवळ दिसतच नाही. पण आत ती पांढरीशुभ्र असते. कडेने कुणी एक काप घेतला, की काळ्या चकतीला पांढरी कड उमटते आणि अमावास्येची प्रतिपदा होते. पाहुण्यांपैकी एकाने हे पाहिलं की बाकीचे आपापली कोर कापायला पुढे सरसावतात. अर्धं खाल्ल्यावर आधीपेक्षा चांगली दिसणारी या बोर्डवर ही एकच चीज आहे.

ग्रहणातला चंद्र मिमोलेटचा. ही उत्तर फ्रान्समधली नारिंगी गोळ्यासारखी चीज, रंग अ‍ॅनाटोच्या बियांचा. तिच्या सालीवर मुद्दाम सूक्ष्म किडे सोडतात. ते साल पोखरत जातात आणि तिच्यावर खडबडीत खळगे पडतात. याच किड्यांपायी २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिची आयात अडवली होती. साल खायची नसते, तरी मी एक मोठी फोड सालीसकट उभी ठेवते, साल पाहुण्यांकडे करून. खायचे काप तिच्या मागे. मिमोलेट नसेल तर रेड लेस्टर चालतं, रंग तसाच मिळतो. खळग्यांवर मात्र पाणी सोडावं लागतं.

संधिप्रकाश म्हणजे मॉर्बिए. फिकट पिवळी चीज आणि मधोमध काळी रेघ. पूर्वी फ्रान्सच्या जुरा भागातले शेतकरी संध्याकाळच्या फाटलेल्या दुधाचा चोथा साच्यात घालून त्यावर काजळी पसरायचे, म्हणजे रात्रभर त्याला साल धरत नसे आणि माश्या बसत नसत. सकाळच्या दुधाचा थर त्यावर पडे. आता ती रेघ वनस्पतींच्या कोळशाची असते आणि निव्वळ परंपरा म्हणून घालतात. रात्र आणि सकाळ एकाच फोडीत, यापेक्षा या बोर्डला आणखी काय हवं! रेघ बोर्डच्या लांब कडेला समांतर राहील अशी मांडा. तिरकी ठेवली तर ती नुसती भेग वाटते.

तेजोमेघासाठी स्टिल्टन. निळी बुरशी हवेशिवाय वाढत नाही, म्हणून चीजच्या गोल ठोकळ्याला सुयांनी टोचून भोकं पाडतात आणि निळ्या शिरा त्या वाटांनी पसरतात. रॉकफोर चवीला मला जास्त आवडतं, पण त्याला पाणी सुटतं आणि स्लेटवर पांढुरकं थारोळं होतं. निळ्या चीजला सुरी वेगळीच द्या, नाहीतर सगळा बोर्ड त्याच चवीचा होतो.

आकाशगंगा सगळ्यात शेवटी. जुन्या पार्मिजानोचा टोकदार सुरीने फोडलेला भुगा, काही मोठे खडे, काही अगदी बारीक. त्यातले पांढरे कण टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, बाजूने प्रकाश पडला की उठून दिसतात. पाहुण्यांत शाकाहारी असतील तर इथे लक्ष द्या. पार्मिजानोला वासराच्या पोटातलंच रेनेट (दूध फाडणारं विकर) लागतं, तसा नियमच आहे. पारंपरिक युरोपीय चीजपैकी बऱ्याच जणींची हीच कथा. सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरलेल्या चीज मिळतात, लेबल वाचून त्या घ्या.

स्लेटबद्दल थोडं. माझी ५० × ३० सेंटिमीटरची आहे. कोरड्या स्लेटवर चीजचे तेलकट डाग पडतात आणि तुकडा उचलला की मागे भुरी छाया उरते, म्हणजे दुसरी अट बोंबलली. आदल्या दिवशी खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा हात फिरवून कोरड्या फडक्याने घट्ट पुसली की रंग गडद होतो आणि डाग त्यात मिसळून जातात. खाण्याचं साधं तेल नको, त्याला खवट वास येतो. चीजची नावं खडूने थेट स्लेटच्या कडेला लिहिते, खाण्यापासून चार बोटं दूर.

फळांत फक्त काळं-निळं: ब्लूबेरी, काळी द्राक्षं, अख्खे अंजीर. ब्लूबेरीवरचा पांढुरका नैसर्गिक थर चोळून धुतला की जातो आणि मग ती नुसती चकचकीत काळी दिसते. हलक्या हाताने धुऊन पंख्याखाली वाळवा. डाळिंब बाद, रस पसरतो आणि आकाश लाल होतं. रोझमेरीच्या काड्याही बाद, खायच्या नसलेल्या गोष्टी बोटांत येतात. क्रॅकर मी बोर्डवर ठेवतच नाही, ओल्या चीजशेजारी ते सादळतात. वेगळ्या वाडग्यात द्यावेत.

प्रमाण: जेवणाआधीच्या खाण्याला माणशी ६० ते ७५ ग्रॅम धरते. वरची सगळी मांडणी मिळून बारा जणांना पुरते. कलांच्या तीन चकत्या जेमतेम ९० ग्रॅम भरतात आणि सगळ्यात आधी त्याच संपतात, म्हणून कापलेला दुसरा संच डब्यात तयार असू द्या आणि मोकळ्या झालेल्या जागी त्या-त्या तिथीचा तुकडा ठेवत जा. बोर्ड पाऊण तास आधी बाहेर काढायचा, मऊ चीज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायची नाही, उकाडा असेल तर त्याहून लवकर आत.

उजेडाचं काम बाकी आहे. पिवळ्या दिव्याखाली पौर्णिमा आणि एमेंटाल एकाच रंगाचे दिसतात. पांढरा दिवा बाजूने, खालच्या उंचीवर लावला तेव्हा विवरांत सावल्या पडल्या आणि कला एकदम उठून आल्या. पण तो दिवा पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतो. आता दिव्यासमोर बेकिंग पेपर लावून बघणार आहे. शिवाय तेत द मोआन या चीजची फुलं काढायचं जिरोल हे फिरत्या पात्याचं यंत्र हाती आलंय, पण त्या झालरीदार फुलांना या आकाशात कुठे बसवायचं ते ठरत नाहीये. तुमच्यापैकी कुणी ती काळ्या स्लेटवर मांडली असतील, तर किती वेळ ताठ राहतात तेवढं सांगा.