मराठीच्या बाई आणि माझ्याकडं राहिलेलं पुस्तक

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण व्हॉट्सॲपला आलं, खाली लिहिलेलं की माजी विद्यार्थ्यांनी मनोगत पाठवावं, एका पानात. मी बँकेत रिकव्हरीचं बघतो, माझं लिहिणं म्हणजे नोटिसा. तरी बसलो, कारण आमच्या बॅचचे बाकीचे सगळे कबड्डीच्या कपाबद्दल लिहिणार हे मला माहितीय आणि बाईंचं राहून जाणार. नाव लिहीत नाही, आपल्या शाळेत मराठीच्या बाई म्हणलं की एकच.

किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे, तेव्हा मी आठवीत. पुढं दोन वर्षं आपले वर्ग पत्र्याच्या शेडमधे, उन्हाळ्यात भाजून निघायचो आणि पाऊस आला की बाईंचं फक्त तोंड हललेलं दिसायचं. लायब्ररी म्हणजे हेडसरांच्या खुर्चीमागचं लोखंडी कपाट. किल्ली बाईंच्या पर्समधे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या उघडायच्या आणि ज्याला जे द्यायचं ते त्याच ठरवायच्या.

नववीत मला ‘पाचोळा’ दिलं, रा. रं. बोराडेंची 1971 ची कादंबरी. तिथंच उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि बाईंना म्हणलं, बाई, ह्यात तर आपल्यासारखं बोललेत, पुस्तकात असं चालतं का? आता हसू येतंय, पण तोवर मला खरंच वाटायचं की पुस्तकात पुण्याचीच माणसं राहतात. मी ‘काय करूलालास’ म्हणलो की आमचे पुण्याचे पाव्हणे हसायचे म्हणून त्यांच्यासमोर मी बोलायचोच नाही. बाई म्हणल्या, “बोराडे सर आपल्याच भागातले हैत. वाच आधी, मग तूच सांग चालतं का ते.”

तेव्हा पाण्याच्या मोटारीला लाईट रात्रीची असायची (आताबी फार बदललंय असं नाही). अण्णा आणि चुलते बांधावरून बोलत नव्हते, त्यामुळं पाळी आली की रानात पाणी द्यायला, दारं धरायला मी. एक सारा पाण्यानं भरेपर्यंत बॅटरीच्या उजेडात दोन-तीन पानं व्हायची. तिसऱ्या रात्री डोळा लागला, पाणी फुटून चुलत्याच्या रानात गेलं आणि पुस्तक दांडात. अण्णांनी जे धुतलं ते सांगत नाही. पुस्तक पत्र्यावर वाळवलं तर फुगून पावासारखं झालं.

सोमवारी तसंच दप्तरात घालून नेलं. वाटलं दंड होणार. बाईंनी उलटंपालटं केलं आणि विचारलं, “गंगारामचं पटलं का तुला?” गंगाराम म्हणजे त्यातला शिंपी, भारी मानी माणूस. मी म्हणलं पटलं की, माणसानं वाकू नये. “आणि त्याच्या बायकोचं?” मी गप्प. “अरे, गोष्ट सांगतंय कोण?”

अख्खं पुस्तक ती बाई सांगतीय, आणि मी एवढी पानं वाचून फक्त तिचा नवरा वाचला होता. कान तापले माझे.

घरी गेलो. आई चुलीपुढं होती. दोन वर्षं झाली होती भांडणाला, मी कायम अण्णांच्या बाजूनं, चुलत्याच्या पोरांशी बोलत नव्हतो आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. आईला म्हणलं, तुला काय वाटतं ह्या बांधाचं? ती भाकरी थापायची थांबली. म्हणली, “मला कोण इचारलंय आजवर?” मग कळलं की ती आणि काकू पिठाच्या गिरणीवर भेटायच्या, दळण व्हायला जेवढा टाईम लागंल तेवढं बोलून घ्यायच्या आणि येताना मागं-पुढं यायच्या. गावात सगळ्या बायकांना माहीत होतं. मी लई हुशार, मलाच नव्हतं. माझ्यामुळं भांडण मिटलं वगैरे काही नाही, ती केस अजून चालूय.

मागच्या वर्षी बँकेनं तीन दिवसाचं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं ट्रेनिंग ठेवलेलं. ट्रेनर म्हणाले कथा-कादंबऱ्या वाचल्या की दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं, 2013 ला ‘सायन्स’ मासिकात तसा अभ्यास आलाय. मी घरी येऊन शोधलं, तर नंतर दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून बघितला आणि तसा निकाल आलाच नाही. म्हणजे एखादी गोष्ट वाचून कोणी लगेच शहाणं होत नसावं. मी पण झालो नव्हतो, बाईंनी विचारलं नसतं तर. पण वसुलीला गेलो की मी आजबी ओसरीवर बोलणाऱ्या माणसाचं ऐकता ऐकता दाराआड कोण उभंय ते बघतो. उसाचं बिल कधी येणार, म्हैस कधी विकायची, सावकाराचं किती हाय, हे सगळं तिलाच माहीत असतं. सलग दोन वर्षं आमच्या रिजनमधे माझी रिकव्हरी पहिली आहे, आता स्वतःबद्दल एवढं लिहिलं तर चालतं ना स्मरणिकेत.

दिवाळीत शाळेत येऊन गेलो. डिजिटल क्लासरूम छान झालीय, 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचे फोटो बोर्डवर होते, सगळी लेकरं पुस्तक उघडून कॅमेऱ्याकडं बघतायत. कपाट स्टोअरमधे, त्याच्यावर जुनी बाकडी, कुलूप गंजलेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

2025 च्या फेब्रुवारीत बोराडे सर गेले तेव्हा बाईंना फोन केला होता. त्या आता लेकाकडं असतात, ऐकायला कमी येतं. मी मोठ्यानं म्हणलं, बाई, पाचोळावाले सर गेले. थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणल्या, “तुझ्या नावावरचं पुस्तक अजून जमा व्हायचंय रे.”

तर कार्यक्रमाला येताना दोन्ही आणतोय, ते फुगलेलं आणि एक नवीन. कपाटाची किल्ली कोणाकडं हाय तेवढं ग्रुपवर टाका.